बाईंची चुकलेली विहीर

बाईंच्या वर्गात 'फार पूर्वी' म्हणायला बंदी होती. कुणाच्या तोंडून चुकून गेलंच, तर त्या खडू खाली ठेवायच्या आणि अगदी गंभीरपणे विचारायच्या, "फार पूर्वी म्हणजे कधी? माझ्या लग्नाआधी की नंतर?"

'असं म्हणतात' यालाही बंदी होती, आणि त्या बाबतीत तर त्या प्रमाण मराठीत बोलतच नसत. बाई उरणकडच्या, मिठागरवाल्या घरातल्या. एरवी बोलणं स्वच्छ, पुस्तकी. पण राग आला किंवा फार आनंद झाला की सरळ गावच्या बोलीत उतरायच्या. "असं म्हणतात की..." एवढं ऐकलं की बाकावर हात आपटून, "कोन म्हनतं? नाव सांग त्याचं!"

आम्ही त्यांना मॅडम म्हटलेलं त्यांना चालत नसे. "मॅडम साडीच्या दुकानात म्हणतात. मला बाई म्हणा." म्हणून पनवेलच्या त्या कॉलेजात सगळ्या मॅडम होत्या आणि बाई एकच.

इतिहास मी काही निवडला नव्हता. मला मानसशास्त्र हवं होतं, तिथल्या जागा भरल्या होत्या, आणि खिडकीतल्या क्लार्कने "हिस्टरीत जागाच जागा आहे" असं म्हटल्यावर मी फॉर्मवर खूण केली. बाबा नोकरीनिमित्त सांगलीकडून आलेले, खांदा कॉलनीत घर घेऊन स्थिरावलेले.  रात्रीच्या जेवणाला ते आईकडे बघत म्हणाले, "झालं ते झालं. आता ते शिकून ही काय करणार?" मलाही तसंच वाटत होतं. संधी मिळाली की विषय बदलायचा, असं मी ठरवून टाकलं होतं.

पहिल्याच तासाला बाईंनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. आत कागद होते: एसटीची तिकिटं, लाइट बिलं, शाळेचे दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या. प्रत्येकीच्या, प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला आणि म्हणाल्या, "यावरून मला दहा गोष्टी सांगा. कागदात नसलेली एकही नको."

माझ्या वाट्याला लग्नाची पत्रिका आली. पिवळी पडलेली, कोपरा उंदराने खाल्लेला. मी नवऱ्यामुलाचं नाव, मुलीचं नाव, मुहूर्त, असं चारपर्यंत गेले आणि थांबले.

"खालची ओळ वाच," बाई म्हणाल्या.

खाली बारीक अक्षरात होतं: वऱ्हाड भरतीच्या पाण्यावर निघेल, वेळ पाळावी.

"म्हणजे?"

"म्हणजे... होडीने जाणार होते?"

"मचव्याने. आणि भरती गेली की मचवा चिखलात. मुहूर्त भटजींनी काढला असेल, पण वेळ समुद्राने ठरवली." मग खिडकीबाहेर हात करून म्हणाल्या, "जिथून ते निघाले तिथं आता रस्ता आहे. तू रोज त्याच्यावरून येत असशील." त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षातून दोन्ही बाजूंना बघत होते. पाणी कुठे दिसतंय का, असं.

बाईंची परीक्षा ही आणखी एक तऱ्हा. उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही' असं लिहायचं, आणि ते कुठे सापडेल हे लिहायचं. सापडण्याची जागा बरोबर असेल तर अर्धे मार्क. पानभर थापा मारल्या तर शून्य, वर लाल शाईत 'अक्षर छान आहे.' ही पद्धत फक्त त्यांच्या वर्गातल्या चाचण्यांना चाले, विद्यापीठाच्या परीक्षेत आम्ही सगळे पुन्हा पानं भरायचो. बाईंना ते माहीत होतं. "तिथं काय करायचं ते करा. इथं खोटं नको," म्हणायच्या.

तरी मी केलं. दुसऱ्या वर्षाला त्यांनी एक काम दिलं होतं: आपल्या भागातल्या एका वयस्कर माणसाला भेटा, बोला, लिहून आणा. मी आळस केला. शेवटच्या दिवशी बसून एक आजोबा तयार केले. सुकापूरचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्या तोंडी वाक्यंही छान घातली. 'बाळ, इथं भाताचा पिवळा समुद्र डोलत होता, आज सिमेंटचा डोलतोय' असलं काहीतरी.

बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. मी मान खाली घालून खूश होते. मग वही मिटत त्या म्हणाल्या, "मला या आजोबांना एक प्रश्न विचारायचाय. तास संपला की जाऊ या."

नाही म्हणायचं मला सुचलंच नाही. आम्ही रिक्षाने सुकापूरला गेलो. मी बाईंना एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत नेत होते. इमारतींची नावं वाचत, "पुढच्या वळणावर असेल," "नाही, त्या मेडिकलच्या मागे बहुतेक," असं म्हणत. बाई मागून चालत होत्या. ऊन मी म्हणत होतं. तिसऱ्यांदा त्याच मेडिकलसमोर आलो तेव्हा मला रडूच फुटलं.

"बाई, आजोबा नाहीयेत."

"माहित्येय," बाई म्हणाल्या. समोर उसाच्या रसाचं दुकान होतं, तिथल्या बाकावर त्यांनी मला बसवलं. "तुझे आजोबा गोड बोलतात गो. पण एकदाही 'माहीत नाही' म्हणाले नाहीत. खरा म्हातारा दहा प्रश्न विचारले तर सहांना 'नाय म्हायत' म्हणतो. तिथंच मला कळलं."

मी रस पीत हुंदके देत होते. मला वाटलं, आता हे सगळ्या वर्गाला सांगतील, माझे मार्क जातील. बाईंनी ग्लास ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता आलोच आहोत तर एक खरा शोधू."

तो आम्हाला एका इमारतीच्या पार्किंगमध्ये सापडला. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसलेले एक आजोबा. तासभर ते आपल्या गुडघ्याबद्दल बोलले. कुठल्या डॉक्टरने काय सांगितलं, कुठलं तेल लावलं, सून कशी लावून देत नाही. मी कंटाळून गेले. बाई मात्र गुडघ्याबद्दलही मन लावून विचारत होत्या. मग मध्येच आजोबा समोरच्या दोन मोटारींकडे हात करून म्हणाले, "ह्या गाड्या उब्या हायेत ना, तिथं आमचं भात झोडायचं खलं होतं. तुमी खल्यातच बसलाव."

"कधीपर्यंत होतं?"

"नाय म्हायत. बैल होतं तवर."

परत येताना बाई रिक्षात हसत होत्या. "बघ. एक वाक्य इतिहास, बाकी सगळा गुडघा. पण गुडघा ऐकल्याशिवाय ते वाक्य मिळत नाही." वर्गात त्या यातलं अवाक्षर बोलल्या नाहीत. मी काम पुन्हा लिहून दिलं. त्यात 'बैल होते तोवर' एवढंच वाक्य खरं मोलाचं होतं, आणि ते मला माझ्या पिवळ्या समुद्रापेक्षा कितीतरी जास्त आवडलं. विषय बदलायचा फॉर्म मी भरला नाही. तिसऱ्या वर्षाला पूर्ण इतिहास घेतला. आम्ही सातजण होतो.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी विहीर घेतली. नेऱ्याच्या बाजूला एका गावात रस्त्याला लागून एक जुनी विहीर आहे. भिंतीतून पुढे आलेल्या दगडी पायऱ्यांनी आत उतरता येतं. बाई नोकरीला नव्या असताना त्यांनी या भागातल्या पाणवठ्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं, त्यात या विहिरीवर दोन पानं होती. गावच्या एका शेटजींनी लोकांचे हाल बघून ती बांधली, असं त्यात होतं. दर वर्षी बाई मुलांची सहल तिथं न्यायच्या आणि काठावर उभ्या राहून ही हकीगत सांगायच्या. मला वाटलं, सोपं काम आहे. पुस्तक आहेच, चार फोटो जोडू.

तरी सुकापूरची लाज अजून ताजी होती, म्हणून जानेवारीत एका दुपारी मी गावात गेले आणि वयस्कर कोण आहे असं विचारलं. लोकांनी हिराबाईंचं घर दाखवलं. त्या ओटीवर वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. अंगाने काडीसारख्या, आवाज मात्र खणखणीत. मी विहिरीचं विचारलं, शेटजींचं नाव घेतलं.

"शेटनी बांधली?" हातातली शेंग तशीच राहिली. "कोनी सांगलं तुना?"

मी बाईंचं पुस्तक दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"ही कोन बाय? हिनी मना तं इचारलं नाय."

मग त्यांनी सांगितलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा विहीर नुकतीच झाली होती. पायऱ्यांना दगड हवा होता, तो आणायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा गावच्या बायकांनी घरोघरचे पाटे दिले, मसाला वाटायचे. "माज्या सासूनी आपला पाटा दिला, न् वरीसभर शेजारनीच्या पाट्यावर वाटन वाटलं. वरशी मोज, सातवी पायरी. पालथी घातलेली हाय."

"आणि खोदली कोणी?"

"नाय म्हायत," हिराबाई म्हणाल्या आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या.

ते 'नाय म्हायत' ऐकलं आणि मला पार्किंगमधले आजोबा आठवले. ही बाई खरं बोलत होती.

आठ दिवस मी स्टाफरूमकडे फिरकले नाही. बाईंना जाऊन सांगायचं तरी कसं, की तुमचं पुस्तक चुकलंय? त्यातून त्याच शेटजींच्या नातवाने, सगळे त्यांना अण्णाशेट म्हणायचे, विहिरीवर संगमरवरी पाटी लावायचं ठरवलं होतं. मजकूर बाईंच्या पुस्तकातला. उद्घाटन मे महिन्याच्या शेवटी, हस्ते बाईंच्या. अण्णाशेट आमच्या कॉलेजच्या समितीवर होते आणि नवीन वाचनालय बांधून देणार होते.

शेवटी एका दुपारी स्टाफरूममध्ये कोणी नाही असं बघून मी सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. कपाटातून आपलं पुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि ओळींवर बोट ठेवून वाचलं. मग स्वतःशीच म्हणाल्या, "कोन म्हनतं?"



"अण्णाशेटच्या आजोबांनी सांगितलं," त्या म्हणाल्या. "ते गावातले मोठे. मी पोरसवदा. त्यांनी चहा दिला, गाडीने घरी सोडलं. मी पुढे कुणाला विचारलंच नाही. विहिरीवर दिवसभर बायकांची वर्दळ असते, आणि मी एकाही बाईला विचारलं नाही. स्वतः बाई असून." पुस्तक मिटलं. "सातवी पायरी आता पाण्यात असेल?"

"हो. पाणी तिसरीला आहे. सगळ्यात वरची एक तर सिमेंटची, नंतर केलेली."

"मग पाणी उतरेपर्यंत थांबू. तोवर तू प्रकल्पात दोन्ही लिही. पुस्तक काय म्हणतं, हिराबाई काय म्हणतात. कुणाचं खरं ते लिहू नकोस."

मे महिन्यात पाणी उतरलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या आमच्या बाई साडीचा काष्टा घालून विहिरीत उतरल्या. मी वरून "बाई, जपून, बाई, जपून" असं ओरडत होते. सातव्या पायरीखाली हात घालून त्यांनी डोळे मिटले आणि चाचपत राहिल्या. मग मला खाली बोलावलं, माझा हात धरून दगडाच्या पोटाशी नेला. दगड मध्ये खोलगट झिजलेला होता, आणि बोटांना टाकीचे बारीक बारीक घाव लागत होते. आमच्या घरी आजीच्या पाट्याला होते तसेच.

"लागतंय?"

"लागतंय बाई."

"पाटाच हाय गो!" बाई ओरडल्या. त्यांचा आवाज विहिरीत घुमला. स्वतःचं पुस्तक खोटं पडत होतं आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. मग एकेक करून सगळ्या पायऱ्या तपासल्या. काही पाटे निघाले, काही नुसते दगड.

दुसऱ्याच दिवशी त्या अण्णाशेटच्या ऑफिसात गेल्या. मीही होते. अण्णाशेट भले माणूस, उठून उभे राहिले, ऐकून घेतलं, पण म्हणाले, "मॅडम, पाटी कोरून आली. कार्डं वाटून झाली. आता एक ओळ इकडची तिकडं. लोक कुठं वाचतात?" प्रिन्सिपॉलांनी तर बाईंना केबिनमध्ये बोलावून समजावलं, की वाचनालयाचा प्रश्न आहे, कशाला आता. बाईंनी दोघांचंही शांतपणे ऐकलं.

समारंभाला मंडप होता, खुर्च्या होत्या, अख्खा गाव होता. पहिल्या रांगेत अण्णाशेटची म्हातारी आई. मागे बायकांत हिराबाई. बाईंच्या हातात पडद्याची दोरी दिली आणि दोन शब्द बोला म्हणाले. बाईंनी दोरी ओढलीच नाही. ती हातात धरूनच त्या बोलल्या.

"या पाटीवरचं वाक्य माझं आहे आणि ते चुकीचं आहे. विहीर शेटजींनी बांधली याला माझ्याकडे पुरावा नाही. मी तो तेव्हाच मागायला हवा होता. पायऱ्यांत पाटे आहेत, ते मी हात लावून पाहिलेत. पाटे घरातून येतात, आणि घरात ते बायकांचे असतात. यापुढचं मला माहीत नाही."

 अण्णाशेटचा चेहरा लाल झाला. ते उठून माइककडे यायला निघाले, तेवढ्यात त्यांची आई खुर्चीतूनच मागे वळली.

"हिरे, आपल्या घरचा पाटा हाय काय गो त्यात?"

"हाय तं," हिराबाई मागून म्हणाल्या. "चवथी पायरी. तुज्या आजेसासूचा. चांगला रुंद होता."

म्हातारी उठली. मुलाचा हात धरला आणि म्हणाली, "दाव मना."  शेवटी आईला काठावर बसवून ते स्वतः, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, विहिरीत उतरले आणि चौथ्या पायरीखाली हात घातला.  वर आले तेव्हा आईने त्यांचा मातकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून बसली. मग बायकांची रांगच लागली. माझ्या सासूचा कुठला, माझ्या आजीचा कुठला. हिराबाई काठावरून सांगत होत्या, मध्येच "त्याचं नाय म्हायत" म्हणत होत्या. बाई त्यांच्या शेजारी मांडी घालून वहीत उतरवून घेत होत्या.

पाटी त्या दिवशी परत गेली. अण्णाशेट दोन-तीन महिने कॉलेजात फिरकले नाहीत. वाचनालय उशिरा झालं, पण झालं.

मला वाटलं, संपलं. बाईंना तसं वाटत नव्हतं. जूनमध्ये त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर विभागाची जुनी रजिस्टरं आणि कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा. आजवर ज्या ज्या मुलांना त्यांनी काठावर उभं करून शेटजींची गोष्ट सांगितली होती, त्या सगळ्यांना कळवायचं होतं. 'विहिरीबद्दल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. आता जे कळलंय ते असं.' मी म्हटलं, बाई, ग्रुपवर मेसेज टाकू या की. "मेसेज लोक पुसतात. कार्ड आईबाप तरी जपून ठेवतात," त्या म्हणाल्या.

माझं अक्षर वाईट. म्हणून मी गठ्ठा घरी आणला आणि बाबांपुढे ठेवला. बाबांचं अक्षर मोत्यासारखं. ऑफिसातून आले की चहा घेऊन रोज पंधरा-वीस पत्ते लिहायचे. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "तुझ्या बाईंना सांग, शिक्षक असा मी पहिल्यांदा बघितला." मग पेन तसंच धरून, "तू पुढे एमए करणार असशील तर कर." मी केलं. आज एका जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात आहे, आणि माझं बरं चाललंय.

बरीच कार्डं 'पत्ता सोडून गेले' असा शिक्का घेऊन परत आली. काही उत्तरं आली. एक पोलीस हवालदार झाला होता, त्याने लिहिलं, 'बाई, विहीर आठवत नाही, तुम्ही आठवता.' एकीने नुसतं 'कळले' एवढंच लिहिलं होतं. बाईंनी तेही जपून ठेवलं.

बाई आता निवृत्त आहेत. मी महिन्यातून एकदा तरी त्यांच्याकडे जाते. गेल्या खेपेला गेले तर नुकतंच एक पत्र आलं होतं, इतक्या वर्षांनी. लिहिणारा दोन मुलांचा बाप झालेला. घर आवरताना आईच्या पेटीत कार्ड सापडलं, आणि तो मुलांना घेऊन विहिरीवर जाऊन आला होता. मुलांना आत उतरवलं, पायऱ्या मोजायला लावल्या. शेवटी त्याने विचारलं होतं: मोठा म्हणतो अठरा, धाकटी म्हणते एकोणीस, दोघांचं भांडण मिटत नाही, तर बाई, बरोबर कोण?

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग कार्ड ओढून तिथल्या तिथे उत्तर लिहिलं आणि वाळायला माझ्यासमोर ठेवलं.

'दोघेही बरोबर असू शकतील. पहिली पायरी कुठली, ते आधी ठरवा.'